‘मेलेल्या’ दीर्घिकांमध्ये अजून तारे जन्मतात का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. लंबवर्तुळाकार दीर्घिकांना ‘अर्ली टाइप’ म्हणतात, तर त्या तरुण असतात का? त्यांनाच ‘रेड अँड डेड’ही म्हणतात, मग त्यांच्यात तारे बनणं खरंच थांबलंय का? आणि शेकडो कोटी प्रकाशवर्षं लांबच्या ठिपक्याबद्दल हे इथे बसून कळतं कसं?

नावाचं आधी उरकतो. एडविन हबलने १९२६ मध्ये दीर्घिकांची आकारावरून वर्गवारी केली. गोलसर, नितळ, फाटे न फुटलेल्या दीर्घिका एका टोकाला आणि सर्पिल दुसऱ्या टोकाला. ‘अर्ली’ आणि ‘लेट’ हे शब्द त्याने ताऱ्यांच्या वर्गीकरणातून उचलले. क्रमवारीत आधी येणाऱ्या आणि नंतर येणाऱ्या, एवढाच त्याचा अर्थ होता, वयाशी संबंध नव्हता. आज या गटात लंबवर्तुळाकार आणि भिंगाच्या आकाराच्या दीर्घिका धरतात, आणि त्यातले बहुतेक तारे म्हातारे असतात. नाव एक आणि गुण भलताच, पण शंभर वर्षं चिकटलेलं नाव आता कोण काढणार?

‘मेलेल्या’ या शब्दाशी मात्र माझं जुनं भांडण आहे. एम.एस्सी.ला असताना मीही तो बिनदिक्कत वापरायचो. प्रोजेक्टसाठी स्लोन सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणाची कुणालाही फुकट मिळणारी आकडेवारी उतरवून घेतली, प्रत्येक दीर्घिकेच्या हिरव्या आणि लाल फिल्टरमधल्या तेजस्वितेचा फरक काढला आणि आलेख मांडला. दोन टेकाडं आली, एक निळसर दीर्घिकांचं, एक लाल. लाल टेकाडाखाली मी पेनाने ‘रिटायर्ड’ लिहून टाकलं. सरांनी आलेख बघितला आणि विचारलं, “यू फिल्टर का नाही घेतला?” यू म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचा, अतिनील पट्टा. मी म्हटलं, “सर, लाल दीर्घिकांचे त्यातले आकडे फार नाचतात.” सर म्हणाले, “नाचतात म्हणून सोडून दिले? का नाचतात ते कोण बघणार?”

काही आकडे निव्वळ मोजमापाच्या चुकीने नाचत होते, तेही खरं. पण सगळे नाही. त्याचं कारण मला कळलं ते पुस्तकात नाही, आमच्या शेतात.

आमचं शेत चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याजवळ. त्या वर्षी जानेवारीत घरी गेलो तेव्हा कापसाची शेवटची वेचणी होऊन गेली होती. रस्त्यावरून बघितलं तर सगळं शेत तपकिरी. पानं झडलेल्या पऱ्हाट्या, फुटून रिकामी झालेली बोंडं, कुठे कुठे लटकलेला कवडीचा कापूस. मी काकांना म्हटलं, आता उपटून टाका. काका म्हणाले, “मरेल नही शे रे, पानी दे मंग दख.” विहिरीला पाणी होतं, त्यांनी एक पाणी दिलं. दहा-बारा दिवसांनी बांधावर उभा राहिलो तेव्हाही शेत लांबून तपकिरीच दिसत होतं. आत शिरून एका पऱ्हाटीपाशी वाकलो, तेव्हा खोडाला बोटभर हिरवी पालवी आणि तिच्यात दोन-तीन पाते लागलेले दिसले. आपल्याकडे याला फरदड म्हणतात. (कृषी खातं फरदड घेऊ नका म्हणून दरवर्षी सांगतं, कारण गुलाबी बोंडअळीला आयतं घर मिळतं. ते बरोबरच आहे. काकांचं समर्थन करायला मी हे लिहीत नाहीये.)

आता तेच शेत ड्रोनवरून साध्या कॅमेऱ्याने टिपलं तर तपकिरी येईल. फक्त हिरवा रंग पकडणारा फिल्टर लावला तर ती बोटभर पालवीच चमकेल आणि पऱ्हाट्या अंधारात जातील. दीर्घिकेच्या बाबतीत हा फिल्टर अतिनील प्रकाशाचा.

ताऱ्यांचा हिशेब सरळ आहे. सूर्यासारखा तारा सुमारे १००० कोटी वर्षं जगतो. सूर्याच्या दहापट वजनाचा तारा काही हजार पट जास्त प्रकाश फेकतो, त्यामुळे त्याचं इंधन दोन-तीन कोटी वर्षांतच संपतं. असे जड तारे तापलेले, निळे आणि अतिनील प्रकाशाने भरलेले असतात. तारे जन्मणं बंद झालं की निळे आधी मरतात आणि मागे पिवळे-लाल, दीर्घायुषी तारे उरतात. म्हणून थांबलेली दीर्घिका लाल दिसते. पण एकूण वजनाच्या एक टक्का जरी नवे तारे तिच्यात असले, तरी साध्या रंगात फारसा फरक पडत नाही, कारण दृश्य प्रकाशात ९९ टक्के म्हाताऱ्यांचाच आवाज मोठा. अतिनील पट्ट्यात ते जवळजवळ गप्प असतात आणि तो एक टक्का ओरडत असतो. माझे ‘नाचणारे’ आकडे थोडेफार याचे होते.

उलट फसगतही होते. भरपूर धूळ असलेली, जोमाने तारे बनवणारी दीर्घिकासुद्धा लाल दिसू शकते. मे महिन्यात आपल्याकडे धुळीतून उगवणारा चंद्र तांबडा दिसतो, म्हणून तो म्हातारा ठरत नाही. अशा वेळी अवरक्त प्रकाशात तापलेली धूळ शोधावी लागते.

पृथ्वीच्या वातावरणातला ओझोन अतिनील प्रकाश अडवतो, त्यामुळे जवळच्या दीर्घिकांसाठी दुर्बीण वर पाठवण्याला पर्याय नव्हता. नासाने २००३ मध्ये गॅलेक्स ही दुर्बीण सोडली, आणि तिच्या निरीक्षणांतून दिसलं की आपल्या आसपासच्या अर्ली टाइप दीर्घिकांपैकी किमान ३० टक्क्यांत गेल्या १०० कोटी वर्षांत थोडे तरी तारे जन्मलेत. थोडे म्हणजे वजनाच्या एक ते तीन टक्के. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरही २०१५ पासून साडेसदतीस सेंटिमीटर व्यासाच्या दोन अतिनील दुर्बिणी आहेत.

पण जवळच्या दीर्घिकांत एक गोची आहे. फार म्हातारे, हलके तारे आयुष्याच्या एका टप्प्यावर बाहेरचं आवरण बरंचसं गमावतात, आतला तापलेला गाभा उघडा पडतो आणि तेही अतिनील प्रकाश देतात. म्हणजे पालवी समजून जवळ जावं तर हिरवी चिंधी अडकलेली निघावी. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या गर्दीतूनही अतिनील प्रकाश येतो हे १९६९ मध्येच दिसलं होतं, पण कारण माहीत नव्हतं, आणि त्यावरून बरीच वर्षं वाद झाले की लंबवर्तुळाकार दीर्घिकांतला हा अतिनील प्रकाश पोरांचा की आजोबांचा.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की या बाबतीत लांबच्या दीर्घिका जवळच्यांपेक्षा सोप्या पडतात. दोन कारणांनी.

पहिलं कारण ताम्रसृती. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे लांबून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी वाटेत ताणली जाते. ताम्रसृती ०.७ असलेल्या दीर्घिकेतून २३० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश निघाला तर आपल्यापर्यंत येईतो तो १.७ पट ताणून सुमारे ३९० नॅनोमीटरचा होतो. म्हणजे थेट जांभळ्या रंगाच्या उंबरठ्यावर. ओझोन त्याला अडवत नाही. जी गोष्ट जवळच्या दीर्घिकेत बघायला उपग्रह लागतो, ती लांबच्या दीर्घिकेत डोंगरावरच्या दुर्बिणीला साध्या निळ्या-जांभळ्या फिल्टरमधून मिळते.

दुसरं कारण काळाचं. तो प्रकाश निघाला सुमारे ६३० कोटी वर्षांपूर्वी. विश्वाचं आजचं वय १३८० कोटी वर्षं, म्हणजे तेव्हा ते निम्म्याच्या जरा पुढे होतं. म्हाताऱ्या ताऱ्यांना गाभा उघडा पडण्याच्या अवस्थेपर्यंत पोचायला तेवढा वेळ पुरत नाही. आजोबा अजून आजोबा झालेलेच नाहीत, म्हणून अतिनील प्रकाश दिसला तर तो पोरांचाच.

सुगत कविराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमकं हेच केलं. दक्षिण आकाशातल्या फोर्नॅक्स तारकासमूहातला एक छोटा तुकडा घेतला. हबल दुर्बिणीच्या चित्रांत एकेक दीर्घिका डोळ्यांनी पाहून आकार ठरवले आणि ०.५ ते १ ताम्रसृतीच्या ६७४ अर्ली टाइप दीर्घिका निवडल्या. आकारावरून, रंगावरून नव्हे, हे महत्त्वाचं. माझ्यासारखे लाल तेवढे वेचून घेतले असते तर ‘सगळ्या लाल निघाल्या’ हा शोध लागायला वेळ लागला नसता. मग चिलीतल्या जमिनीवरच्या दुर्बिणींनी टिपलेल्या रंगांवरून त्यांचा मूळ अतिनील प्रकाश काढला.

निष्कर्ष असा की ताम्रसृती २ पासून, म्हणजे हजार कोटी वर्षांहून आधीपासून, एकही नवा तारा न बनवता नुसत्या म्हाताऱ्या होत आलेल्या दीर्घिका शंभरात जेमतेम एक सापडली. बाकी सगळ्यांत कमी-जास्त पालवी होती. सगळ्यात लाल, सगळ्यात तेजस्वी दीर्घिकांत ती वजनाच्या सुमारे एक टक्का, जवळपास नसल्यासारखीच. एकूण गटात पाच ते तेरा टक्के. हाच वेग पुढे धरला तर मोठ्या दीर्घिकांनी ताम्रसृती १ पासून आजपर्यंत आपल्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग नव्याने बनवला असावा, आणि लहान दीर्घिकांनी ३० ते ६० टक्के. साठ टक्के म्हणजे फरदड कसली, तो मुख्य हंगामच झाला.

म्हणजे मोठ्यांचं काम आधी संपलं, लहानांचं रेंगाळलं. ऐकायला उलटं वाटतं, कारण लहान ढिगाऱ्यांतून मोठे ढिगारे बनतात असंच विश्वरचनेचं शास्त्र सांगतं. पण आपल्याकडे बघा. ज्याच्या विहिरीला पाणी तो मे महिन्याच्या शेवटीच बागायती कापूस लावतो, त्याचा माल आधी घरात येतो आणि शेत आधी मोकळं होतं. कोरडवाहूवाला मृगाची वाट बघत बसतो. जिथे वायू दाट आणि भरपूर होता तिथे तारे लवकर आणि धडाक्यात बनले.

हे किती धडाक्यात झालं याचा पुरावा ताऱ्यांच्या वर्णपटात, म्हणजे त्यांचा प्रकाश रंगांत फोडला की मिळणाऱ्या पट्ट्यात आहे. मॅग्नेशियम येतं जड ताऱ्यांच्या स्फोटांतून, म्हणजे काही दशलक्ष वर्षांत. लोह मोठ्या प्रमाणात येतं ते श्वेतबटूंच्या, म्हणजे हलके तारे विझल्यावर उरलेल्या गाभ्यांच्या स्फोटांतून, आणि त्यातले बरेच स्फोट व्हायला शंभर कोटी वर्षांपर्यंतही वेळ जातो. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांतल्या ताऱ्यांत लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त सापडतं. लोह पुरेसं मिसळायच्या आत तारे बनून मोकळे झाले होते. वर्णपटातून आणखी एक कळतं. सूर्याच्या दुप्पट वजनाचे तारे साधारण १०० कोटी वर्षं जगतात आणि हायड्रोजनच्या ठळक रेषा मागे ठेवतात. या रेषा जोरात पण अगदी तरुण ताऱ्यांची खूण नाही, अशी दीर्घिका दिसली की समजायचं, हिचं दुकान नुकतंच बंद झालंय, शटर अजून गरम आहे. ॲलन ड्रेसलर आणि जेम्स गन यांनी १९८३ मध्ये दीर्घिकांच्या लांबच्या गुच्छांत अशा दीर्घिका दाखवल्या.

जेम्स वेब दुर्बिणीने तर हंगाम आणखी मागे नेला. जीएस-९२०९ नावाची दीर्घिका घ्या, तिच्यावरचं काम २०२३ मध्ये आलं. आपल्याला ती दिसते महास्फोटानंतर १२५ कोटी वर्षांची, आणि तेव्हाच ती थांबलेली आहे. वजन सुमारे ४००० कोटी सूर्यांचं. हे सगळे तारे तिने २० कोटी वर्षांच्या आसपास बनवले आणि विश्व ८० कोटी वर्षांचं असतानाच काम गुंडाळलं. तिचा निम्मा प्रकाश जेमतेम ७०० प्रकाशवर्षांच्या त्रिज्येत कोंबलेला आहे. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास लाखभर प्रकाशवर्षं आहे, यावरून अंदाज करा. आजच्या लंबवर्तुळाकार दीर्घिका इतक्या घट्ट नसतात. मधल्या काळात त्या लहान दीर्घिका गिळत बाहेरून फुगत गेल्या. पर्सियस गुच्छातली एनजीसी १२७७ ही तशी न फुगता राहिलेली दुर्मीळ दीर्घिका, जुन्या वाड्यासारखी.

तारे बनणं का थांबतं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो आल्याशिवाय राहणार नाही. वायू संपतो असं नाही. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती वायू भरपूर असतो, पण तो कोटीभर अंश तापलेला, क्ष-किरण सोडणारा. तारा बनायला वायू निरपेक्ष शून्याच्या वर दहा-वीस अंशांपर्यंत थंड व्हावा लागतो. तो थंड होऊन खाली येऊ लागला की मधलं कृष्णविवर जागं होतं, झोत सोडतं आणि त्याला पुन्हा तापवतं. कन्या गुच्छातल्या एम ८७ मध्ये तो झोत दुर्बिणींना सरळ दिसतो, आणि तिथल्या ६५० कोटी सूर्यांच्या वजनाच्या कृष्णविवराच्या सावलीचं चित्र २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिलंच. विहिरीत पाणी आहे, पण ते उकळतंय, पिकाला देता येत नाही.

मग फरदडीला पाणी येतं कुठून? बरेचदा शेजारच्याकडून. थंड वायू बाळगून असलेली एखादी लहान दीर्घिका मोठीत पडते, तिचा वायू मधोमध येऊन बसतो आणि तारे पेटतात. इथे माझी उपमा लंगडी पडते, कारण शेतात निदान शेजारी जिवंत राहतो.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर खान्देशातून एक दीर्घिका बघता येते, आणि पुण्या-मुंबईच्या उजेडात बसलेल्यांपेक्षा आपल्याला ती सोपी आहे. सेंटॉरस ए, सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षं लांब. मे महिन्याच्या मध्यावर रात्री सव्वादहाच्या सुमारास ती दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण २६ अंश वर असते. आधी ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ शोधा. अंधारात तो नुसत्या डोळ्यांनाही कापसाच्या बोंडासारखा दिसतो. हात लांब करून तीन बोटं आडवी धरा, तेवढं त्याच्या वर गेलं की सेंटॉरस ए. माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आहे. तिच्यातून एक गोल, मऊ उजेड दिसतो आणि त्याला मधोमध चिरत गेलेला काळपट पट्टा. तो पट्टा म्हणजे गिळलेल्या दीर्घिकेची धूळ आणि वायू, आणि तिथेच नवे तारे बनतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकेला एवढा ठळक पट्टा एरवी सहसा नसतो. एक मात्र करा, वारा पडलेली रात्र निवडा. दक्षिणेला तापीकाठच्या गावांचा उजेड आणि वरून धूळ, दोन्ही मिळून पट्टा पुसून टाकतात. लग्नसराईतल्या डीजेच्या लाइटांबद्दल बोलतच नाही.

गेल्या मे महिन्यात काकांना बांधावर खुर्ची टाकून दिली आणि दाखवलं. त्यांना आधी काहीच दिसेना. डोळा जरा बाजूला वळवून बघा म्हटलं, तेव्हा म्हणाले, “काया पट्टा दिखस.” मी सांगितलं, तिथेच पाणी आलंय, म्हणून तिथे फरदड.

“कोनं पानी?”

“शेजारच्याचं.”

काकांचं आणि शेजारच्या शेतवाल्याचं पाटाच्या पाण्यावरून वीस वर्षांचं भांडण आहे. डोळा दुर्बिणीवरून न काढता ते बराच वेळ हसत होते.